सातच्या शाळेतला सूर्य

शाळा सकाळी किती वाजता भरावी, हा प्रश्न असंख्य घरांत रोज पहाटे उभा राहतो. पण त्यावर जाहीर चर्चा करण्याची वेळ आली तेव्हा ती आश्चर्य वाटावे इतकी भरकटली. डिसेंबर २०२३मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करावा, असे सुचवले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. त्यावर बसमालकांनी वाहतुकीची अडचण सांगितली, संस्थाचालकांनी दोन सत्रांची, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवले: ‘आम्ही नाही का गेलो सकाळच्या शाळेत?’ दुसऱ्या बाजूने मोबाइल, रात्री उशिरापर्यंत चालणारा टीव्ही, आईवडिलांच्या नोकऱ्या आणि शहरांतला गोंगाट यांची यादी वाचली गेली. मुले लाडावली आहेत की दमली आहेत, एवढ्यावरच सारा वाद फिरत राहिला. या वादातल्या एका पक्षाचे म्हणणे मात्र कोणी मांडलेच नाही, आणि तो पक्ष म्हणजे सूर्य.

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. शाळेची पहिली घंटा घड्याळातल्या एखाद्या गोल आकड्याला बांधण्याऐवजी त्या त्या गावच्या सूर्योदयाला बांधावी. सूर्य उगवल्यावर किमान एक तास जाईपर्यंत कोणत्याही इयत्तेचा वर्ग भरू नये, आणि आठवीपासून पुढच्या मुलांसाठी हे अंतर दीड तासाचे असावे. घड्याळ आहे तेच राहू द्यावे. भारतीय प्रमाणवेळेला हात लावण्याची काहीही गरज नाही. हे म्हणणे कोणाला भाबडे वाटेल, कोणाला अव्यवहार्य वाटेल. तरीही माझ्या मते ते ‘नऊ’ या सरसकट आकड्यापेक्षा अधिक व्यवहार्य आहे, आणि ते का, हे समजून घेण्यासाठी आधी गच्चीवर जावे लागेल.

मुंबईतल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर ओळंब्यात एक काठी उभी करा आणि तिची सावली दर पाच मिनिटांनी खडूने आखत जा. सावली सगळ्यांत आखूड होते तो क्षण म्हणजे त्या जागेची खरी दुपार. आपल्याला लहानपणापासून वाटत असते की हे बारा वाजता घडत असेल. प्रत्यक्षात ११ फेब्रुवारीच्या आसपास ते १२ वाजून ५३ मिनिटांनी घडते, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १२ वाजून २२ मिनिटांनी घडते, आणि मुंबईत वर्षातल्या एकाही दिवशी ते बाराच्या ठोक्याला घडत नाही. शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवशी, मैदानात गोळा झालेल्या मुलांना पुण्यात १२ वाजून ३१ मिनिटांपर्यंत आणि मुंबईत १२ वाजून ३५ मिनिटांपर्यंत थांबावे लागते. पायाखाली नाहीशी होत जाणारी सावली पाहून मुले जितकी हरखतात, तितकीच ती या अर्ध्या तासाने कोड्यात पडतात. ‘सूर्य उशिरा का आला?’ हा त्यांचा प्रश्न फार चांगला आहे आणि मोठ्यांनीही तो स्वतःला विचारायला हवा. सूर्य उशिरा आलेला नसतो, घड्याळ पुढे असते. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरली आहे. मुंबई तिथून जवळजवळ दहा अंश पश्चिमेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात; म्हणून मुंबईचे घड्याळ मुंबईच्या सूर्यापेक्षा सरासरी ३९ मिनिटे पुढे धावते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे या फरकात ऋतूनुसार पाव तासापर्यंतची भर पडते किंवा घट होते.

ही भर नेमकी मुलांच्या अंगावर येते ती जानेवारीत. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, हे आपण पाठ केलेले असते आणि म्हणून सर्वांत उशिराचा सूर्योदयही त्याच दिवशी होत असणार, असे गृहीत धरतो. मुंबईत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाच्या सुमारास होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर, सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणजे नाताळची सुट्टी संपवून मुले शाळेत परततात ते दिवस वर्षातल्या सर्वांत काळोख्या सकाळींचे असतात. आता सातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठवलेल्या मुलाचा हिशेब करू. १५ जानेवारीला मुंबईचा सूर्य घड्याळाच्या ४८ मिनिटे मागे असतो. घरातल्या घड्याळात पावणेसहा वाजले असतील तेव्हा त्या मुलाच्या आकाशात पाचही वाजलेले नसतात. आपण त्याला पहाटे पाचच्या आत उठवत आहोत, हे आपल्याला जाणवत नाही, कारण भिंतीवरचा काटा सहाकडे झुकलेला दिसतो.

हे दृश्य मी गेली कित्येक वर्षे आमच्या इमारतीच्या फाटकाशी पाहतो. सहा वाजून वीस मिनिटे झालेली असतात, रस्त्यावरचे दिवे चालू असतात, दूधवाला सायकल लावून जिन्याकडे निघालेला असतो. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आईच्या खांद्याला टेकून उभ्याउभ्या झोपलेली असते. तिच्या एका वेणीची रिबन आईच्या हातात असते, कारण ती बांधायची वेळ घरात मिळालेली नसते. व्हॅनचे दिवे वळणावर दिसले की आई तिचे दप्तर पुढे करते, काका दार सरकवतात, आणि आत बसलेल्या सहा-सात मुलांपैकी एकही मूल बोलत नसते. ज्यांनी दुपारी सुटलेल्या शाळेची व्हॅन पाहिली आहे, त्यांना मुले न बोलणारी व्हॅन ही काय चीज आहे, हे वेगळे सांगायला नको.

‘आम्ही नाही का गेलो?’ या प्रश्नाकडे मला आदराने पाहावेसे वाटते, कारण तो विचारणाऱ्यांनी खरोखरच कष्ट काढले आहेत. पण निदान मुंबईपुरते त्याचे एक उत्तर इतिहासात आहे आणि ते फारसे कोणाला आठवत नाही. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने ती स्वीकारायला नकार दिला. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘मुंबई वेळ’ शहराच्या रोजच्या व्यवहारात थेट १९५५पर्यंत टिकून राहिली. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेने, महापालिका आणि बरेचसे शहर दुसऱ्या वेळेने, असे जवळजवळ अर्धे शतक चालले. त्याही आधी, १८८०च्या दशकाच्या आरंभी, गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ शहरावर लादून पाहिली होती. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाने पुढे होती आणि लोकांच्या विरोधापुढे तो बेत बारगळला. मुंबई वेळेच्या घड्याळात सातला भरणारी शाळा आजच्या घड्याळात सात वाजून ३९ मिनिटांनी भरत होती. शहर प्रमाणवेळेवर आले तेव्हा शाळेच्या फलकावरचा ‘सात’ हा आकडा तसाच राहिला असेल, तर त्या आकड्याखालची सकाळ ३९ मिनिटांनी अलीकडे सरकली. ज्या आजोबांचे उदाहरण दिले जाते, ते मुंबई वेळेच्या काळात सातला शाळेत जात असतील, तर उजाडल्यावर जात होते.

यातला अन्याय त्या काळच्या माणसांना आपल्यापेक्षा लवकर कळला होता. जानेवारी १९०६मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद ठेवले. त्याकडे अडाण्यांचा घड्याळाला विरोध म्हणून पाहणे सोपे आहे, पण हिशेब त्यांचा बरोबर होता. भोंगा त्याच आकड्याला वाजणार आणि आकडाच ३९ मिनिटे अलीकडे आणलेला, तर थंडीतल्या काळोखात चाळीतून बाहेर कोणाला पडावे लागणार होते? गिरणीमालकाला की कामगाराला? घड्याळाचा काटा हलवताना कोणाची झोप कापली जाते, हा प्रश्न तेव्हा कामगारांनी विचारला. आज तो मुलांच्या वतीने विचारायला हवा, कारण मुले संप करू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप परंपरेचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहाटे उठणे हा आपला संस्कार आहे, ब्रह्ममुहूर्ताची वेळ अभ्यासाला उत्तम मानलेली आहे, मग शाळा उशिरा भरवून आपण मुलांना आळशी बनवत नाही का? पहाटेच्या शांततेत पाठांतर चांगले होते, हा अनेकांचा अनुभव आहे आणि मी तो खोडून काढणार नाही. पण ब्रह्ममुहूर्त मोजतात कसा, हे पाहिले पाहिजे. सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटे आधी तो सुरू होतो आणि ४८ मिनिटे टिकतो. तो ‘चार वाजता’ किंवा ‘पाच वाजता’ असा कधीच नव्हता. तो सूर्याला बांधलेला होता आणि सूर्याबरोबर सरकत होता. मुंबईत जानेवारीच्या मध्याला तो पाच वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास सुरू होऊन साडेसहाच्या आत संपतो. म्हणजे त्या दिवशी पावणेसहाला उठणारे मूल ब्रह्ममुहूर्तावर उठलेले असते खरे, पण अभ्यासाला उत्तम म्हटलेला तो सारा वेळ ते बूट शोधण्यात, दूध संपवण्यात आणि व्हॅनची वाट पाहण्यात घालवते. शिवाय ज्या समाजात ब्रह्ममुहूर्त पाळला जात होता, तो दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने जेवून झोपत होता. परंपरेतला उठण्याचा नियम ठेवायचा आणि झोपण्याचा सोडून द्यायचा, याला परंपरा पाळणे म्हणता येईल का?

आपल्या जुन्या कालगणनेचे मला वाटणारे मोठेपण हेच आहे की ती सूर्यापासून कधी दूर गेली नाही. लग्नाच्या मांडवात पाण्यावर तरंगणारे, तळाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र अजून कुठे कुठे पाहायला मिळते. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा साठ घटिकांचा दिवस सूर्योदयापासून मोजला जाई. पंचांगात आजही सूर्योदयाची वेळ छापलेली असते आणि जाणकार माणूस ती आपल्या गावापुरती दुरुस्त करून घेतो. ज्या घरात तिथी कोणत्या दिवशी धरायची, हे सूर्योदय पाहून ठरते, त्याच घरात मुलाची शाळा मात्र काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच असलेल्या आकड्यावरून ठरते, आणि ही विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही.

आता शरीराकडे वळू. चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात, हे गावाकडच्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. सिकंदराच्या काळातल्या अँड्रोस्थेनिस नावाच्या ग्रीक माणसाने आजच्या बहारीनमध्ये हेच पाहून लिहून ठेवले होते. ही पाने उजेड गेला म्हणून मिटतात की त्यांना आतूनच वेळ कळते? १७२९मध्ये फ्रान्समधल्या द मेरां या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप पूर्ण काळोखात ठेवले. उजेडाचा स्पर्श नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्री मिटत राहिली. सजीवांच्या आत स्वतःचे घड्याळ आहे, याचा हा पहिला भक्कम पुरावा. ते घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते, हे फळमाश्यांवर अभ्यासणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या अंगणातही याची प्रात्यक्षिके रोज चालतात. गुलबक्षी दुपार कलल्यावर फुलते. सकाळी दहाच्या सुमारास उमलणाऱ्या चिनी गुलाबाला तर आपल्याकडे ‘ऑफिस टाइम’ असेच नाव पडले आहे. ढगाळ दिवशी ते फूल उशिरा उघडते आणि त्याबद्दल त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

माणसाच्या शरीरातले हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते. बहुतेकांचे किंचित लांब असते, म्हणून ते रोज जुळवून घ्यावे लागते आणि जुळवण्याचे मुख्य साधन आहे सकाळचा उजेड. डोळ्यांच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत की ज्यांचे मुख्य काम चित्र पाहण्याचे नसून उजेड किती आहे याची नोंद मेंदूला देण्याचे आहे. भिंतीवरचा काटा त्यांना दिसत नाही. पौगंडावस्थेत तर हे घड्याळ आणखी मागे सरकते: वयात येणाऱ्या मुलामुलींना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते आणि त्यांची झोपेची नैसर्गिक वेळ लहानपणापेक्षा दोन तासांपर्यंत पुढे जाऊ शकते. नववीतला मुलगा रात्री अकरापर्यंत टक्क जागा असतो, याला मोबाइल हातभार लावतो हे खरे; पण मोबाइल काढून घेतला तरी तो नऊला झोपणार नाही, कारण त्याचे शरीर त्याला झोपू देत नाही. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. अकराला झोपून पावणेसहाला उठणाऱ्याला सात तासही मिळत नाहीत, आणि ही तूट आठवड्यातले पाच-सहा दिवस साठत जाते.

‘मग लवकर झोपवा’ हा सल्ला त्यामुळेच अपुरा पडतो. आईवडिलांनी दिवे लवकर मालवावेत, जेवणे लवकर उरकावीत, हे मला मान्य आहे आणि शाळेची वेळ काहीही झाली तरी ते करायलाच हवे. पण मावळतीचाही विचार करा. ज्या कारणाने पश्चिमेकडच्या गावांत सूर्य घड्याळाने उशिरा उगवतो, त्याच कारणाने तो उशिरा मावळतो. मुंबईत जुलैच्या आरंभी सव्वासातनंतरही उजेड असतो आणि मुले मैदानातून हलत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांच्या झोपेचा अभ्यास करून दाखवले आहे की सूर्यास्त एक तास उशिरा असेल तर मुलांची झोप साधारण अर्ध्या तासाने घटते. कारण मुले झोपतात सूर्याप्रमाणे आणि उठतात शाळेप्रमाणे. एकाच प्रमाणवेळेचा जाच ईशान्येकडच्या राज्यांनाच होतो, असे आपण मानत आलो. आसामच्या चहामळ्यांनी तर एक तास पुढची ‘बागान वेळ’ पाळून आपली सोयही करून घेतली. पण झोपेच्या बाबतीत तोटा पश्चिमेचा आहे, म्हणजे आपला आहे, आणि आपण सोय करून घेतलेली नाही.

इथे मला सरकारच्या निर्णयातला सर्वांत मोठा दोष दिसतो. चौथीपर्यंतच्या मुलांना दिलासा मिळाला, ते चांगलेच झाले. लहान मुलांनाही नऊ ते बारा तास झोप हवी असते. पण उशिरा उठण्याची शारीरिक गरज ज्यांची सर्वांत तीव्र आहे, त्या आठवी ते बारावीच्या मुलांचा या निर्णयात उल्लेखच नाही. दोन सत्रांच्या शाळेत लहान वर्ग नऊच्या पुढे गेले की सकाळचे सत्र आपोआप मोठ्यांच्या वाट्याला येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्ये केलेली शिफारस नेमकी उलट्या वयोगटासाठी होती: माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. कॅलिफोर्नियाने त्याचा कायदा केला आणि २०२२पासून तो लागू केला. लहानांकडे पाहून आपल्याला कणव येते, कारण ती व्हॅनमध्ये पेंगताना दिसतात. मिसरूड फुटलेला मुलगा पेंगतो तेव्हा त्यावर ओरडा बसतो. धोरण कणवेवर आखले गेले की असेच होते.

विदर्भातून येणारा आक्षेप मात्र कोणालाही निरुत्तर करील असा आहे. एप्रिलमध्ये चंद्रपूर-नागपूरला पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना मुलांना नऊला शाळेत बोलावून भर दुपारी घरी पाठवायचे का? सकाळची शाळा तिथे चैन नाही, संरक्षण आहे. हा आक्षेप मला पूर्णपणे पटतो आणि ‘नऊ’ या सरसकट आकड्याविरुद्धचा तो सर्वांत सबळ पुरावा आहे. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून अधिक पूर्वेला आहे. तिथला सूर्य मुंबईच्या २५ मिनिटे आधी येतो. एप्रिलअखेर नागपुरात पावणेसहाच्या सुमारास उजाडलेले असते. सूर्योदयानंतर एक तास, हा नियम लावला तर तिथे तेव्हा सात वाजता शाळा भरवायला काहीच हरकत उरत नाही, आणि तोच नियम जानेवारीत मुंबईची शाळा सव्वाआठच्या पुढे ढकलतो. एकाच वाक्याचा नियम उन्हाळ्यातल्या नागपूरलाही सांभाळतो आणि हिवाळ्यातल्या मुंबईलाही. यात नवे काही नाही. ऊन वाढले की जिल्हा परिषदेच्या शाळा आजही सकाळच्या होतात. त्या निर्णयामागे जी समज आहे, ती फक्त उन्हाळ्यापुरती का राखून ठेवायची?

दोन सत्रांची अडचण खरी आहे आणि ती हात झटकून दूर करण्यासारखी नाही. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरते, अशा ठिकाणी पहिले सत्र तासाभराने पुढे सरकले तर दुसरे संध्याकाळी उशिरा सुटेल. लांबून येणाऱ्या मुलींच्या पालकांना त्याची काळजी वाटणे योग्यच आहे. पण पूर्ण वर्षभर तासभर सरकण्याची गरज नाही. जूनमध्ये मुंबईत सहाला उजाडते; अडचणीचे दिवस नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढेच आहेत. त्या अडीच-तीन महिन्यांत दोन्ही सत्रांच्या तासिका पाच-पाच मिनिटांनी कमी केल्या आणि शनिवारी ती भरपाई केली, तरी बराच मार्ग निघतो. बसगाड्यांच्या फेऱ्यांचे म्हणणे मला तितकेसे पटत नाही. सकाळी आठनंतर रस्त्यांवर गर्दी होते, हे खरे. पण मोठ्यांच्या गर्दीतून वाट निघावी म्हणून मुलांनी काळोखात निघायचे, हा सौदा आपण कधी आणि कोणाला विचारून केला? कचेऱ्यांच्या वेळा पुढेमागे करण्याची चर्चा मुंबईत लोकलच्या गर्दीसाठी वारंवार होते. ती मुलांसाठी एकदा तरी व्हावी.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा घड्याळच बदला, देशात दोन प्रमाणवेळा करा. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये तसा प्रस्ताव मांडलाही होता, पण त्यातही पुढे जाणार होते ते ईशान्येचे घड्याळ. मुंबई आहे तिथेच राहणार होती. शिवाय घड्याळ हलवून सूर्याला फसवता येत नाही, हे इतरांनी करून पाहिले आहे. स्पेनने १९४०मध्ये आपली घड्याळे मध्य युरोपाच्या वेळेला जुळवली आणि ती तशीच ठेवली. तिथली माणसे हळूहळू दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला जेवू लागली, म्हणजे आकडे बदलून पुन्हा सूर्याच्याच मागे गेली. चीनभर एकच बीजिंगची वेळ आहे, तरी पश्चिमेच्या उरुम्चीत कचेऱ्या त्या घड्याळाने दहाच्या सुमारास उघडतात. आणि अमेरिकेने इंधनटंचाईत ६ जानेवारी १९७४पासून भर हिवाळ्यात घड्याळे तासभर पुढे केली, तेव्हा काय झाले? मुले काळोखात शाळेला निघू लागली, त्यांचे अपघात झाले, पालक खवळले आणि दोन वर्षांसाठी केलेला तो प्रयोग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हिवाळ्यापुरता मागे घ्यावा लागला. अमेरिकेतल्या पालकांना ज्या काळोखाने नऊ महिन्यांत निर्णय फिरवायला लावला, तो काळोख आपल्या मुलांनी दर जानेवारीत मुकाट्याने सोसावा, असे त्यांच्यात वेगळे काय आहे?

म्हणून मागणी घड्याळाची नको, वेळापत्रकाची हवी. जून महिन्यात शाळा वार्षिक नियोजन लिहितात तेव्हा सुट्ट्यांच्या यादीशेजारी आपल्या गावच्या सूर्योदयाचा रकाना आखावा आणि त्यावरून पहिल्या घंटेच्या वर्षातून दोन किंवा तीन वेळा ठरवाव्यात. ते काम भूगोलाच्या शिक्षकांनी नववीच्या मुलांकडून करून घ्यावे. रेखावृत्ते आणि चार मिनिटांचे गणित त्यांच्या अभ्यासात आहेच. मैदानातली काठी, खडूच्या रेघा, बारा वाजून गेल्यावरही आखूड होत राहणारी सावली हे सगळे मुले स्वतः मोजतील. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असा एक नववीतला मुलगा राहतो. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीची शाळा आता नऊला भरते आणि ती रिबन घरातच बांधून, गाणे म्हणत खाली येते. तो अजूनही सहा वाजून वीस मिनिटांनी फाटकाशी उभा असतो, दप्तर पाठीला लावून, भिंतीला टेकून, डोळे मिटून, आणि पूर्वेकडे अजून फटफटलेलेही नसते.